शेजारच्या खणातली सही

सोमवार, २ मार्च

आज आले: सहीची काडी, नग एक, अठराशे. फोटो दोन, चाळीस. छायाप्रती अकरा, बावीस. जाता-येता बसभाडे, वीस. दप्तरदादांनी स्वतःचे काही घेतले नाही, उलट चहा पाजला. तो खर्चात धरत नाही.

काडी म्हणजे करंगळीएवढी, संगणकाला खुपसायची वस्तू. तिच्यात माझी सही आहे म्हणे. कंपनीचे कागद आता संगणकावरच जातात, तिथे शाईच्या सहीला कोणी विचारत नाही. हे होते तेव्हा ह्यांची काडी होती. हे जाऊन दोन वर्षे होत आली. त्यांच्या जागी माझे नाव संचालक म्हणून लागले ते गेल्या महिन्यात, म्हणून आता माझी. दुसरे संचालक भाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ. पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना, नऊ कामगार, आणि संचालक कोण, तर शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारी मॅट्रिक बाई, जिने आजवर फक्त दुधाच्या कार्डावर सही केली.

दादांनी सगळे फोड करून सांगितले. तीस वर्षे आमचे आणि अर्ध्या गल्लीचे कागद तेच सांभाळतात, म्हणून तर नाव दप्तरदादा. म्हणाले, सरकारी कचेरी तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही कचेरीला ओळखत नाही; अशा वेळी मध्ये एक तिसरा लागतो, ज्याच्यावर दोघांचा विश्वास. तसे एक प्रमाणपत्रांचे ऑफिस असते. ते कचेरीला शब्द देते, की ही सही याच बाईंची, आम्ही खात्री केली आहे. मी म्हटले, म्हणजे भाड्याने खोली घेताना ओळखीचा माणूस लागतो तसेच. दादा हसले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझं दुकान बंद करणार असं दिसतंय. इतकं मी कुणाला इतक्या लवकर समजावलं नव्हतं."

खात्री करायची म्हणून गेल्या गुरुवारीच संगणकापुढे बसवून माझा व्हिडिओ घेतला होता. कागदावरचे वाक्य मोठ्याने म्हणायचे होते: ही सही मीच वापरीन आणि ती माझ्याच ताब्यात राहील. पहिल्यांदा आवाज बसला, म्हणून दोनदा म्हटले. मनात देवाचे नाव घेऊन म्हटले.

आज काडी हातात आल्यावर दादांनी विचारले, मनातले सहा आकडे सांगा. सांगितले. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून काडीलाच चिकटवले, म्हणजे विसरायची भीती नको. मग ती त्यांच्या कपाटातल्या खोक्यात ठेवली. खोके ह्यांनीच करून दिलेले आहे, चोवीस खणांचे, आत हिरवा कागद. प्रत्येक खणात एकेकाची काडी आणि वर नाव. माझा सातवा. आठवा भाऊजींचा. दोन घरांत दोन वर्षे बोलणे नाही, पण काड्या मात्र शेजारी.

छत्रीवाल्याच्या दुकानावरचे दादांचे ऑफिस, एकवीस पायऱ्या. उतरताना वाटले, माझ्याच ताब्यात राहील म्हटले आणि आठवडा झाला नाही तोच देऊन आले. पण घरी आणून तिचे करायचे काय? माझ्याकडे संगणक नाही. आणि विश्वासू माणसाचा ताबा तो आपलाच ताबा, असा मी अर्थ घेतला.

गुरुवार, ५ मार्च

लेकीचा फोन. परगावी नोकरी करते, आठवड्यातून एकदा करते, आणि पाच मिनिटे बोलली तर तीन मिनिटे मला शिकवते. काडी दादांकडे ठेवली म्हटल्यावर म्हणाली, "आई, घराची किल्ली शेजारी ठेवतेस ते मी समजू शकते. तू सही ठेवून आलीस."

मी म्हटले, तुम्हा लोकांचा माणसांवर विश्वास नाही, यंत्रावर आहे. ती म्हणाली, यंत्रावरही नाही, म्हणून तर झोप येत नाही. मी तिला पाय चोळून झोप म्हणून सांगितले.

फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य पुन्हा आठवले. मी जन्मात एकदाच खोटे बोलले आहे, ह्यांचे बोट यंत्रात कापले त्या दिवशी, सासूबाईंशी, आणि त्याला साक्षी भाऊजी. दोघांनी मिळून बोललो. ते खोटे चांगल्यासाठी होते. हे दुसरे म्हणायचे की नाही, ते देवावर सोडते.

कापडी पिशवीचा बंद शिवला. दोरा घरचाच.

सोमवार, ९ मार्च

भाऊजींचा निरोप आला, फोनवर, लिहून. "प्रकृती तूर्तास बरी आहे. व्यवहाराचे दादांशी बोलावे." एवढेच. पूर्वी पानभर लिहायचे, शेवटी एखादी कोपरखळी. त्यांनी नंबर बदलला तेव्हा नवा नंबर दादांनीच आणून दिला. फोन केला तर उचलत नाहीत, थोड्या वेळाने असा निरोप येतो. मी दर वेळी शेवटी नमस्कार लिहिते. तिकडून नमस्कार नसतो. हल्ली दादांसारखे "तूर्तास" लिहायला लागले आहेत. एकाच माणसाशी व्यवहार ठेवला की त्याची भाषा लागते.

अबोला कशावरून, ते या वहीत लिहिलेले नाही, कारण तेव्हा लिहायचे बळ नव्हते. हे जाऊन तिसरा दिवस. दादा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, भाऊजी कारखान्याच्या किल्ल्या मागताहेत. तिसऱ्या दिवशी. मी किल्ल्यांचा जुडगा दादांच्या हातात ठेवला आणि म्हटले, नेऊन द्या, आणि सांगा की वहिनीचे तोंड पुन्हा बघू नका. भाऊजी त्याच संध्याकाळच्या गाडीने गेले. किल्ल्या मात्र दादांनी आठ दिवसांनी मलाच परत आणून दिल्या. म्हणाले, मी समजूत घातली. तेव्हापासून दोन्ही घरांचे जे काही असेल ते दादांमार्फत. त्यांनी मध्ये पडून कारखाना चालू ठेवला. नाहीतर दोघे भांडत बसलो असतो आणि नऊ घरांच्या चुली विझल्या असत्या.

रोजच्या प्रार्थनेत मी दादांचे नाव घेते. भाऊजींचे घेत नाही. हे बरे नव्हे, पण खरे आहे.

शुक्रवार, १३ मार्च

काल लिहिले नाही, अक्षर दिसत नव्हते. डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. साडेदहाला पावती फाडली, शंभर. अकराच्या आत थेंब घातले आणि बाकावर बसवून ठेवले. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ नुसता पांढरा गोळा. बाराच्या पुढे तपासले. मोतीबिंदू अजून कच्चा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वर्षभर चालवा. मी म्हटले, मी चालवते, तोही चालवतो का बघू. शेजारच्या काकूंचा हात धरून घरी आले. बसभाडे दोघींचे, चाळीस.

मंगळवार, १७ मार्च

धाकट्या जावेचे कार्ड आले. दोन वर्षांत पहिले. टपाल तिने शेडच्या पत्त्यावर टाकले, म्हणून फोरमनने आणून दिले. कंपनीचे बाकी सगळे टपाल दादांच्या पत्त्यावर जाते. जसेच्या तसे उतरवून ठेवते, कारण कागद हरवतो, वही हरवत नाही:

"ताई, शेड विकायचीच होती तर आम्हाला सरळ विचारायचे होते. ह्यांना दोन रात्री झोप नाही. तुमच्या तोंडून ऐकले असते तर इतके लागले नसते. मुलांचा नमस्कार."

खाली त्यांचा पत्ता, तोही उतरवला आहे. तारीख १३, म्हणजे चार दिवस लागले.

मी शेड विकायची? माझी चूल शेडच्या भिंतीला टेकलेली आहे. आणि जाताना ह्यांनी एवढेच मागितले होते, की शेड राखा, नऊ जणांना घरी पाठवू नका. वाचून अंगाची आग झाली. चोर तो चोर, वर शिरजोर. स्वतःला विकायचे आहे आणि नाव माझे.

तशीच उठून दादांकडे गेले. त्यांनी कार्ड दोनदा वाचले. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, हे पुढच्या तयारीचं आहे वहिनी, उद्या तेच विकतील आणि म्हणतील वहिनींची इच्छा होती. कार्ड फायलीत राहू दे, पुरावा म्हणून कामी येईल. कार्ड त्यांच्याकडे ठेवले. उत्तर लिहू का विचारले, तर म्हणाले, तूर्तास लिहू नका, आगीत तेल कशाला. मी सांभाळून घेतो.

असा माणूस पाठीशी आहे म्हणून निभते.

मंगळवार, २४ मार्च

दुपारी फोरमन मागच्या दाराशी आला. ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, कापायच्या यंत्रावर याचे आयुष्य गेले. उंबऱ्यातच उभा राहिला आणि विचारले, "बाई, आम्ही दुसरीकडे काम बघू का?"

दोन माणसे फीत घेऊन शेड मोजून गेली होती. लांबी, रुंदी, आणि मागची भिंतही, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची. याने हटकले, तर म्हणाले, मालकांनी पाठवले. कोणत्या मालकांनी, ते सांगेनात.

मी त्याला म्हटले, मी जिवंत आहे तोवर तू कुठे जायचे नाहीस. तो म्हणाला, तेच विचारायला आलो. मग चहा घेतला. दुसरा कप नको म्हणाला नाही, म्हणजे जिवाला फार लागले असावे.

दादा म्हणाले, भाऊजींनीच माणसे पाठवली असणार. मग मी दादांसमोर बसून भाऊजींच्या नंबरावर निरोप लिहिला. तो इथे लिहीत नाही. वाईट शब्द दोनदा लिहू नयेत. आज प्रथमच खाली नमस्कार लिहिला नाही. पोचल्याची खूण लगेच आली.

शुक्रवार, २७ मार्च

काही नाही. डाळ निवडली. जपात लक्ष लागले नाही.

मंगळवार, ३१ मार्च

नोंदणीच्या कचेरीतून पत्र आले, तेही शेडवर. कचेरीतल्या कोणीतरी चुकून जुना पत्ता घातला असेल. देवाने चूक करवली असेच मी म्हणेन. हा कंपनीचा पहिला कागद, जो दादांच्या हाताखालून न जाता माझ्यापर्यंत आला. भिंग घेऊन तीनदा वाचला.

कंपनीची शेड, यंत्रे वगळून, मागच्या दोन खोल्यांसह, विकण्याच्या कराराची नोंद झाली आहे. दोन्ही संचालकांच्या सह्या मिळाल्या आहेत. कोणाची हरकत असल्यास २७ एप्रिलपर्यंत घ्यावी.

दोन्ही संचालकांच्या.

एक मी.

गुरुवार, २ एप्रिल

काल पाय उचलले नाहीत. आज गेले. दादांनी पत्र हातात घेतले आणि पहिल्यांदा विचारले, हे तुमच्याकडे कसे आले. मी म्हटले, ते महत्त्वाचे नाही, माझी सही कशी झाली ते सांगा. ते म्हणाले, भाऊजींनी तिकडून काहीतरी केलं असणार, हल्ली सगळं करता येतं. कचेरीत जाऊ नका, बायकामाणसाला ते लोक दिवसभर ताटकळत ठेवतात. मी तूर्तास आतून चौकशी करतो.

मी काडी बघायला मागितली. त्यांनी खोके उघडून दाखवले. सातव्यात माझी, आठव्यात भाऊजींची, दोन्ही चिठ्ठ्यांसकट, झाकणावर धूळही नाही. तेवढे बघून बरे वाटले. म्हणजे दादांकडून चूक झालेली नाही.

भाऊजी, तुमच्या भावाचे एवढे तरी स्मरण ठेवायचे होते.

सोमवार, ६ एप्रिल

लेकीने फोनवर एकच वाक्य सांगितले: आई, ज्याने चौकशी करतो म्हटलं त्याला न सांगता तू जा. म्हणून गेले. बसभाडे बत्तीस, दोन बस. रांगेत दोन तास, बरोबर नेलेला पाव रांगेतच खाल्ला.

खिडकीतली बाई लेकीच्याच वयाची. संगणकात बघून म्हणाली, सही खरी आहे. मी म्हटले, मी केलेली नाही. ती म्हणाली, "असेलही. पण प्रमाणपत्रवाल्यांनी शब्द दिलाय, तो आम्ही मानतो. आम्ही काडी ओळखतो, बाई. माणूस नाही."

मी विचारले, केव्हा केली ते तरी लिहिले आहे का. तिने कागद छापून दिला, फी पंधरा. माझी सही १२ मार्च, अकरा वाजून बेचाळीस मिनिटे. भाऊजींची १२ मार्च, अकरा वाजून चव्वेचाळीस.

कचेरीच्या पायरीवर बसले आणि वही काढली. १२ तारखेला त्या वेळी मी बाकावर बसून भिंतीवरच्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत होते. पावती आहे. आणि भाऊजी आठ तासांच्या गाडीच्या अंतरावर. मग त्यांची सही माझ्यामागून दोन मिनिटांत कशी पोचली? त्यांची काडी तर इथे आहे. मीच गुरुवारी डोळ्यांनी बघून आले आणि मला बरे वाटले. एक काडी काढायची, ती ठेवायची, शेजारची घ्यायची, चिठ्ठी वाचायची, सहा आकडे दाबायचे. दोन मिनिटे पुरतात.

कागदाच्या खाली घेणाऱ्याचा पत्ता होता. कुठलीशी नवी कंपनी. नाव वाचले नाही, पत्ता वाचला. छत्रीवाल्याच्या दुकानावर, पहिला मजला.

परत आत गेले. खिडकीतल्या बाईला विचारले, हरकत कशी घ्यायची. तिने मान वर न करता सांगितले, दोघा संचालकांची हवी, हाताने लिहिलेली, आणि काडी कुणाकडे असते ते त्यात खरे लिहावे लागेल. मग आवाज उतरवून म्हणाली, "म्हणजे कॅमेऱ्यापुढे म्हणालात ते खरं नव्हतं, हेही लिहावं लागेल. बघा, जमेल का."

मंगळवार, ७ एप्रिल

शेवटचे म्हणून त्या एकवीस पायऱ्या चढले.

वाटले होते, दादा गडबडतील, खोटे सांगतील, हात जोडतील. त्यातले काही झाले नाही. कागद बघितला, घडी घातली, परत दिला. चहा मागवला. मी नको म्हटले. त्यांनी स्वतःचा प्यायला.

मी विचारले, दादा, हे तुम्ही केलंत का. ते म्हणाले, "कागदावर काय आहे, वहिनी? सही तुमची आणि भाऊजींची. मी कुठे आहे त्यात?"

मी म्हटले, तीस वर्षे तुम्हाला घरचे मानले. ह्यांनी शेवटी तुमचा हात धरून सांगितले होते की यांना सांभाळा.

"सांभाळलं की. दोन वर्षं तुम्ही दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. इकडचं तिकडे मी नेलं, तिकडचं इकडे मी आणलं. तुमची शिवीगाळसुद्धा मीच सोसली. एकदा, फक्त एकदा भाऊजींना एक कार्ड टाकलं असतंत, तर माझं काही चाललं असतं का? हे मी केलं म्हणता. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी जागा करून ठेवली होती."

आवाज चढवला नाही. हिशेब समजावतात त्याच आवाजात म्हणाले. मग म्हणाले, हरकत घ्यायची तर जरूर घ्या. पण त्या व्हिडिओत मोठ्याने तुम्हीच म्हणालात, काडी माझ्या ताब्यात राहील. आता सगळ्यांसमोर लिहून द्या की खोटं बोलले. तुमच्यासारख्या बाईला ते झेपणार नाही, मी ओळखतो तुम्हाला.

ओळखतात, हे खरे आहे. म्हणून तर जमले.

मी उठले. कपाट उघडे होते. खोक्यातून सातव्या खणातली काडी उचलली आणि पदराला बांधली. आठवी उचलली नाही. ती माझी नव्हे. ते बघत होते, अडवले नाही. खोके मात्र न्यावेसे वाटले. आतला हिरवा कागद ह्यांनी दोन रात्री बसून चिकटवला होता, कडा कुठे फुगली नाही.

घरी येऊन चिठ्ठी सोलली. माझेच सहा आकडे, दुसऱ्याच्या अक्षरात.

बुधवार, ८ एप्रिल

सकाळी प्रार्थनेला बसले आणि सवयीने दादांचे नाव तोंडात आले. अर्ध्यावर थांबले. तीस वर्षांची सवय, जीभ आपली चालते. तिच्या जागी कुणाचे घ्यायचे ते कळेना. शेवटी नुसते बसले.

देवाला विचारले, मी खोटे बोलले का. उत्तर मला आधीच माहीत होते. विश्वासू माणसाचा ताबा तो आपलाच ताबा, हा अर्थ देवाचा नव्हता, माझा होता, आणि तो मी पायऱ्या उतरताना सोयीने लावला. ते लिहून देणार. झेपत नाही म्हणे. यांत्रिक वजनकाट्यावर पुठ्ठ्याचे गठ्ठे मी एकटीने चढवले आहेत, हे ते विसरले.

फोरमन येऊन गेला. त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, २७ तारखेपर्यंत मी शेडच्या दारात झोपतो. मी म्हटले, झोपून काय करणार, कागद दारातून येत नाही. तो म्हणाला, बाई, मला दुसरे काही येत नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

आले: नोंदणी-पोस्टाचे पाकीट एक आणि तिकिटे, छत्तीस. बाकी काही आणले नाही.

फोनवर विश्वास उरला नाही, म्हणून भाऊजींना पत्र टाकते आहे. पत्ता धाकटीच्या कार्डाचा, या वहीतून घेतला. कार्ड तिकडेच राहिले. पाठवले ते असे:

"भाऊजींना आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे आणि स्वतः टपालात टाकणार आहे. वाटेत कोणाच्या हातात देणार नाही.

शेड विकायची माझी इच्छा कधीही नव्हती. तुमची होती असे मला सांगण्यात आले. माझी होती असे तुम्हाला सांगण्यात आले असणार, हे धाकटीच्या कार्डावरून मला तेव्हाच कळायला हवे होते. ते कार्ड मी ज्याला दाखवू नये त्यालाच दाखवले. १२ मार्चला अकरा बेचाळीसला माझी आणि अकरा चव्वेचाळीसला तुमची सही झाली आहे. मी तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यात होते. तुम्ही कुठे होतात ते लिहा. तुमची काडी कोणत्या खणात आहे ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असेल, तर आपण दोघे सारखेच मूर्ख आणि सारखेच खोटारडे आहोत. मी तसे लिहून देणार आहे. तुम्हीही द्या. हरकत दोघांची लागते, आणि ती २७ तारखेच्या आत पोचली पाहिजे. नऊ माणसे आणि माझी चूल तिच्यावर आहे.

सोबत तुमचा म्हणून मला मिळालेला फोन नंबर लिहिला आहे. तो तुमचा नसेल तर त्यावर सहा वेळा नमस्कार लिहिला तो तुम्हाला पोचलेला नाही, तो आता या पत्राने घ्यावा. आणि एकदा जे लिहिले ते पोचले नसेल तर देवाची कृपा.

हे पत्र तुमच्याच हातात पडले आणि उत्तर तुमच्याच हातचे आहे, हे मला कळले पाहिजे. आता मध्ये तिसरा कोणी नको, म्हणून खूण आपली आपणच ठेवू. तुमच्या भावाचे बोट यंत्रात कापले त्या दिवशी तुम्ही आणि मी सासूबाईंना काय सांगितले, ते उत्तरात पहिल्या ओळीत लिहा. ते आपल्या दोघांखेरीज कोणाला माहीत नाही. मी ते माझ्या वहीतसुद्धा लिहिलेले नाही, आणि आजही लिहीत नाही.

आता दुसरा प्रश्न. याचे उत्तर मला माहीत नाही आणि दोन वर्षे विचारले नाही. हे जाऊन तिसऱ्या दिवशी तुम्ही खरेच किल्ल्या मागितल्या होत्या का?

मागितल्या असतील तर तसे लिहा, मी आता रागावणार नाही. नसतील मागितल्या तर काय झाले ते मी समजेन. तुम्ही त्या संध्याकाळी गाडीत बसताना तुम्हाला काय सांगितले होते, तेवढे लिहा.

दोन ओळी असल्या तरी चालतील, पण तुमच्या अक्षरात. उलट टपाली कळवावे.

तुमची वहिनी."